लिंबावरची अळी आणि सरहद्दीवरचा डास

पावसाळा सरत आला की गोंदिया जिल्ह्यातल्या घराघरांच्या सांदवाडीत लिंबाच्या आणि गोडलिंबाच्या कोवळ्या पानांवर एक विचित्र ठिपका दिसू लागतो. पक्ष्याची विष्ठा पडली असावी असे वाटते. पण जवळून पाहिले तर तो ठिपका पान कुरतडत असतो. ती फुलपाखराची अळी. काही दिवसांत ती कात टाकून हिरवीगार होते. हात लावला तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा लालसर अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एवढे झाले की घरातले कोणीतरी फवारणीचा पंप शोधायला जाते.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी अशी अळी दिसली की फांदीसकट ती घरी आणणारा एक माणूस महाराष्ट्रात होता. तो तिला पेटीत ठेवी, रोज ताजी पाने घाली आणि कोषातून कोणते फुलपाखरू निघते याची वाट पाही. त्याचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. त्याच्या इंग्रजी पुस्तकांवर मात्र 'ईएचए' एवढीच तीन अक्षरे असत.

एटकेनचा जन्म 16 ऑगस्ट 1851 रोजी साताऱ्यात झाला. वडील स्कॉटिश मिशनरी होते. मुलाचे शिक्षण मुंबई आणि पुण्यात झाले. पदवीनंतर काही वर्षे त्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले आणि 1876 मध्ये मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरी धरली. ही नोकरी म्हणजे सतत बदल्या. कच्छच्या रणाकाठचे खाराघोडा, मग उरण, रत्नागिरी, कारवार, गोव्याची सरहद्द. साहेबी करमणूक म्हणजे शिकार, असा तो काळ होता. एटकेनचे लक्ष मात्र बंगल्याच्या आवारात होते. उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, कोळी, बेडूक, डास आणि फुलपाखरे हेच त्याचे शेजारी. 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटिअर' या पुस्तकात त्याने याच शेजाऱ्यांची मिस्कील वर्णने लिहिली आणि तो घरोघरी वाचला जाऊ लागला. प्राणिशास्त्र तो कोणत्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता. जे शिकला ते अंगणात उभे राहून.

15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत निसर्गाची आवड असलेले आठ जण एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, आणि एटकेनही होता. संस्थेचा पहिला मानद सचिव तोच झाला. दूरदूरच्या गावी राहणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी एका ठिकाणी याव्यात, तपासल्या जाव्यात आणि छापल्या जाव्यात, यासाठी 1886 मध्ये संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. ते आजही निघते.

एटकेनचे फुलपाखरांवरचे खरे काम झाले कारवारात. तिथे त्याला दोन सोबती मिळाले : जिल्ह्याचा कलेक्टर जेम्स डेव्हिडसन आणि वनखात्यातला तरुण अधिकारी टी. आर. बेल. तिघांच्या नोकऱ्या तीन खात्यांत, छंद एक. त्या काळी फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे जाळीने पकडायचे, टाचणीला टोचायचे आणि पंखांवरून नाव ठरवायचे. पण नुसत्या पंखांवरून फसगत होते. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या 'कॉमन मॉर्मन' या काळ्या फुलपाखराचेच पाहा. त्याच्या काही माद्या नरासारख्या दिसतात, तर काही हुबेहूब 'कॉमन रोझ' या दुसऱ्याच जातीसारख्या. कॉमन रोझ विषारी वनस्पतीवर वाढलेले असते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत; त्याचा वेश घेतला की मॉर्मनची मादीही बचावते. अशा वेळी कोण कोणाची जोडीदार हे अळीपासून वाढवून पाहिले की निर्विवाद ठरते.

एटकेन आणि त्याच्या सोबत्यांनी हेच केले. कोणती मादी कोणत्या झाडावर अंडे घालते, अळी कशी दिसते, कोष कुठे लटकतो, याच्या नोंदी केल्या. 1890 मध्ये एटकेन आणि डेव्हिडसन यांचा लेख संस्थेच्या नियतकालिकात आला. पुढे 1896 पासून तिघांनी मिळून उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर लेखमाला लिहिली. भारतातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि त्यांची खाद्यझाडे यांवर पुढे जे लिहिले गेले, त्याला या कामाचा मोठा आधार मिळाला.

त्या नोंदींचे सार आपल्या दारातच तपासता येते. फुलपाखरू कोणत्याही फुलातला मध पिईल, पण अंडे घालताना ते फार काटेकोर असते. लिंब आणि गोडलिंबावर मॉर्मन व 'लाइम' फुलपाखरू. बांधावरच्या रुईवर केशरी 'प्लेन टायगर'. एरंडावर 'कॉमन कॅस्टर'. दारच्या कण्हेरीवर 'कॉमन क्रो', त्याचा कोष चांदीच्या दागिन्यासारखा चकाकतो. घरातून निघून नागझिऱ्याकडे किंवा नवेगावबांधकडे गेलात, तर नाल्याकाठच्या ओल्या मातीवर फुलपाखरांचे थवे बसलेले दिसतात. ते बहुतेक नर असतात आणि मातीतले क्षार शोषत असतात. झाड ओळखले की फुलपाखरू कुठे शोधायचे ते कळते. झाड गेले की फुलपाखरूही जाते.

या सवयीचा उपयोग एटकेनला पुढे एका वेगळ्याच कामात झाला. गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर शिपाई हिवतापाने खंगत. तिथली नेमणूक म्हणजे शिक्षा, असे सगळे समजत. 1897 मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने हिवतापाच्या परोपजीवीचा डासाशी असलेला संबंध दाखवून दिला होता. दोषी कोण ते कळले होते. पण प्रत्यक्ष नाक्यावर तो राहतो कुठे, हे कोणीतरी जाऊन पाहायला हवे होते. सरकारने हे काम सोपवले ते डॉक्टर नसलेल्या एटकेनकडे. त्याने रानातली पाणथळ जागा धुंडाळली आणि शिपायांची वस्ती ॲनॉफिलीस डासांपासून दूर कशी नेता येईल, याचा विचार केला. या फिरतीत त्याला डासाची एक नवी जात सापडली. मेजर जेम्स यांनी 1903 मध्ये तिचे वर्णन केले आणि नाव दिले 'ॲनॉफिलीस एटकेनी'. गंमत अशी की ही जात जंगलातल्या सावलीच्या ओढ्यांत वाढते आणि माणसांत हिवताप पसरवण्यात तिचा हात नसतो. पण ॲनॉफिलीसांतही दोषी कोण आणि निर्दोष कोण, हे ठरवायला आधी जाती वेगळ्या ओळखाव्या लागतात.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला परकी नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात हिवतापाची धास्ती अनेक पिढ्यांनी भोगली आहे. मध्य भारतात हा आजार पसरवणाऱ्या ॲनॉफिलीसच्या जाती संथ वाहत्या नाल्यांत, झऱ्यांत आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. डेंग्यूचा डास तर त्याहून जवळ, कूलरच्या टाकीत, रांजणात आणि कुंडीखालच्या बशीत. उष्ण हवेत डासाचे अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचे आयुष्य आठ-दहा दिवसांत पुरे होते. म्हणून आठवड्यातून एकदा ही भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवायची. लिंबावरच्या फुलपाखराला याच प्रवासाला साधारण महिना लागतो.

एकाच अंगणात दोन अळ्या असतात : एक पानावर, एक पाण्यात. पानावरची डोळ्यांत भरते म्हणून आपण तिच्यावर विषारी फवारा मारतो; पाण्यातली दिसत नाही म्हणून ती सुखाने वाढते. पानावरचीने मोठ्या झाडाचे फार काही बिघडत नाही. रोप लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवता येतात. त्या डंख करत नाहीत. शिवाय ज्या गोडलिंबाची पाने आपण फोडणीत टाकतो, त्यावर औषध न मारलेलेच बरे.

एटकेन 1903 मध्ये कराचीला जकात खात्याचा प्रमुख म्हणून गेला, सिंध प्रांताचे गॅझेटिअर तयार केले आणि 1906 मध्ये निवृत्त झाला. 11 एप्रिल 1909 रोजी एडिनबरोत त्याचे निधन झाले. वय अवघे सत्तावन्न. आयुष्याचा बहुतेक काळ त्याने या पश्चिम किनाऱ्यावर, सरकारी बंगल्यांच्या आवारात पाने उलटून पाहण्यात घालवला होता.

पुढच्या वेळी लिंबाच्या पानावर तो ठिपका दिसला, तर पंप जागेवरच राहू द्या. मुलांना बोलवा, तारीख लिहून ठेवा आणि रोज एकदा बघा. आणि परत येताना कूलरची टाकी तेवढी उपडी करा.