गुणसूत्रांतील ‘जागा’ भाग ओळखणारा शास्त्रज्ञ

पेशीचे विभाजन संपले की गुणसूत्रे उलगडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जणू विरून जातात, अशी विसाव्या शतकाच्या आरंभी समजूत होती. ती साफ खरी नाही, हे एमिल हाइट्झ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले.

हाइट्झ यांचा जन्म १८९२ साली स्ट्रासबुर्ग येथे झाला. हे शहर त्या काळी जर्मन साम्राज्यात होते. आज ते फ्रान्समध्ये आहे. पुढे हॅम्बुर्ग विद्यापीठात त्यांनी ओलसर जागी वाढणाऱ्या शेवाळासारख्या क्षुद्र वनस्पती अभ्यासासाठी निवडल्या. त्यांच्या पेशी कार्मिन रंगाने रंगवून तपासताना त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. विभाजनानंतर गुणसूत्रांचा बराचसा भाग उलगडून फिकट होत असे. काही भाग मात्र तसाच घट्ट व गडद राही. उलगडणाऱ्या भागाला त्यांनी १९२८ साली ‘युक्रोमॅटिन’ आणि गडद राहणाऱ्या भागाला ‘हेटेरोक्रोमॅटिन’ अशी नावे दिली. जनुके प्रामुख्याने युक्रोमॅटिनमध्ये असतात व दुसरा भाग निष्क्रिय असतो, असा तर्क त्यांनी मांडला. जनुके कशाची बनलेली असतात, हेही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या तर्काचे मोल कळते.

१९३३ साली हान्स बाऊर यांच्यासह त्यांनी एका माशीच्या अळीतील महाकाय, पट्टेदार रचना म्हणजे गुणसूत्रेच होत, हे सिद्ध केले. कीर्ती अशी वाढत असतानाच नाझी राजवटीचे वंशविषयक कायदे आडवे आले. पूर्वजांत ज्यू रक्त असल्याच्या कारणावरून १९३७ साली त्यांना हॅम्बुर्गचे पद गमवावे लागले. ऐन उमेदीच्या काळात ते स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे गेले. महायुद्धानंतर ते जर्मनीत परतले आणि ट्युबिंगेन येथे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने वनस्पतींच्या हरितलवकांचा अभ्यास केला. १९६५ साली त्यांचे निधन झाले.

आज आपण जाणतो, की युक्रोमॅटिनमध्ये डीएनएची गुंडाळण सैल असते. त्यामुळे जनुकांतील संदेश वाचणारी प्रथिने तेथवर पोहोचू शकतात. घट्ट गुंडाळलेल्या भागात ही वाट बहुधा बंद असते. हा भाग अगदीच निरुपयोगी मात्र नाही. गुणसूत्रांच्या मध्यबिंदूपाशी तो त्यांच्या योग्य वाटणीला हातभार लावतो. स्त्रीच्या पेशींतील दोनपैकी एक एक्स गुणसूत्रही असेच घट्ट मिटून गप्प राहते.

मानवी जनुकसंचाचा प्रकल्प २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा वाचून झाला होता तो मुख्यतः युक्रोमॅटिनचा भाग. उरलेला सुमारे ८ टक्के मजकूर, मुख्यत्वे हेटेरोक्रोमॅटिनमधला, २०२२ साली प्रसिद्ध झाला. हाइट्झ यांनी आखलेली सीमारेषा ओलांडायला विज्ञानाला जवळजवळ शतक लागले.