प्लायवूडच्या कारखान्यातून निघालेले गणित

कोणत्या कारखान्यातील माल कोणत्या गोदामात उतरवायचा आणि तेथून कोणत्या शहराला धाडायचा, हा हिशेब मोठ्या कंपन्या आता संगणकावर सोडवतात. त्यामागील गणिताचा पाया घालणारे लिओनिद कांतोरोविच यांच्यापाशी मात्र प्रारंभी संगणक नव्हता आणि त्यांच्या सोव्हिएत रशियात खासगी कंपन्याही नव्हत्या.

१९ जानेवारी १९१२ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेले कांतोरोविच चौदाव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाले व बाविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. शुद्ध गणितात रमलेल्या या तरुणाकडे १९३८ च्या सुमारास प्लायवूड उद्योगाची मंडळी एक अडचण घेऊन आली. आठ यंत्रे, पाच प्रकारचा कच्चा माल आणि प्रत्येक यंत्राचा वेग मालागणिक निराळा. ठरलेले प्रमाण राखून जास्तीत जास्त उत्पादन कसे काढायचे? कांतोरोविच यांनी उत्तर तर शोधलेच. पण शेतीपासून मालवाहतुकीपर्यंत असंख्य प्रश्नांचा साचा हाच आहे, हेही ओळखले. १९३९ मध्ये त्यांची पुस्तिका निघाली. आज लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणून परिचित असलेल्या शास्त्राचा हा आरंभ.

मार्क गावुरिन यांच्यासह मालवाहतुकीवर केलेले त्यांचे काम आजच्या पुरवठा साखळीला सर्वांत जवळचे. प्रत्येक स्थानकावरील मालाला एक हिशेबी किंमत द्यायची. ज्या मार्गांनी माल जातो, तेथे दोन टोकांच्या किमतींतील फरक वाहतूकखर्चाइतकाच असेल आणि अन्य कोणत्याही मार्गावर तो खर्चापेक्षा अधिक नसेल, तर त्याहून स्वस्त आराखडा संभवत नाही.

घात केला तो या किमतींनीच. श्रमावरून मूल्य ठरविणाऱ्या मार्क्सवादी अर्थशास्त्राला टंचाईतून निघालेली किंमत मानवणारी नव्हती आणि स्टालिनच्या राजवटीत वैचारिक ठपका जिवावर बेतू शकत असे. लेनिनग्राडच्या वेढ्यात लाडोगा सरोवराच्या बर्फावरून धावणाऱ्या वाहनांतील सुरक्षित अंतराचा हिशेब मांडणाऱ्या या गणितज्ञाने १९४२ मध्ये लिहिलेला अर्थशास्त्रावरील ग्रंथ १९५९ पर्यंत छापला गेला नाही. दरम्यान, १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँटझिग यांनी स्वतंत्रपणे सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि तिकडे हे शास्त्र झपाट्याने उद्योगांत शिरले.

मायदेशी मान्यता आली ती उशिरा. १९६५ मध्ये लेनिन पारितोषिक आणि १९७५ मध्ये त्यालिंग कूपमन्स यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल. डँटझिग यांना त्यातून का वगळले, याचे समाधानकारक उत्तर कधी मिळाले नाही. सोव्हिएत नियोजनाने कांतोरोविच यांच्या किमती मात्र पूर्णपणे कधीच स्वीकारल्या नाहीत. ७ एप्रिल १९८६ रोजी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले.