पंडित कमलापती त्रिपाठी : संपादक ते रेल्वेमंत्री

उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय रेल्वेमंत्री पंडित कमलापती त्रिपाठी यांची ओळख काँग्रेसचे एकनिष्ठ ज्येष्ठ नेते अशीच राहिली. मात्र मंत्रिपदाच्या कितीतरी आधी ते संपादक होते, आणि शब्दांविषयीची त्यांची आस्था अखेरपर्यंत टिकून होती.

त्रिपाठी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९०५ रोजी वाराणसी येथे झाला. शहरातील औरंगाबाद मोहल्ल्यात त्यांचे निवासस्थान होते. महाराष्ट्रातील तत्कालीन औरंगाबादशी या नावाचा संबंध नाही. १९२१ च्या असहकार आंदोलनात ते किशोरवयातच सहभागी झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या काशी विद्यापीठातून त्यांनी शास्त्री ही पदवी मिळवली. लालबहादूर शास्त्री याच संस्थेचे विद्यार्थी होते.

विद्यापीठाचे एक संस्थापक शिवप्रसाद गुप्त यांनी १९२० मध्ये 'आज' हे हिंदी दैनिक सुरू केले होते. त्याचे संपादक बाबुराव विष्णू पराडकर हे काशीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले. 'राष्ट्रपति' हा शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. त्यांचे कार्यक्षेत्र असलेल्या या दैनिकात त्रिपाठी यांची लेखणी घडली. पुढे त्यांनी 'आज' आणि 'संसार' या दोन्ही पत्रांचे संपादन केले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना कारावास झाला. १९४२ मध्ये मुंबईकडे निघाले असता त्यांना अटक झाली व सुमारे तीन वर्षे तुरुंगात काढावी लागली.

स्वातंत्र्यानंतर ते संविधान सभेचे सदस्य होते. १८ सप्टेंबर १९४९ रोजी देशाच्या नावावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मसुद्यात आधी 'इंडिया' आणि नंतर 'भारत' असा क्रम होता. त्रिपाठी यांनी मसुद्याला पाठिंबा दिला. पण 'भारत' हा शब्द आधी आला असता तर ते देशाच्या परंपरेला अधिक साजेसे ठरले असते, असे त्यांनी सांगितले. वेद, बुद्ध आणि शंकराचार्यांपर्यंत त्यांचे भाषण रंगत गेले, तेव्हा बरेच काम बाकी असल्याची आठवण आंबेडकरांनी करून दिली. 'भारत' आधी ठेवण्याची हरि विष्णू कामत यांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली गेली. संविधानाच्या अधिकृत हिंदी पाठात मात्र आज 'भारत' आधी येतो आणि 'इंडिया' नंतर.

उत्तर प्रदेशात त्यांनी पाटबंधारे, माहिती, गृह, शिक्षण आदी खाती सांभाळली. १९६९ मध्ये ते उपमुख्यमंत्री आणि एप्रिल १९७१ मध्ये मुख्यमंत्री झाले. हे पद त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभले. मे १९७३ मध्ये राज्याच्या प्रांतीय सशस्त्र दलाच्या, म्हणजे पीएसीच्या, जवानांनी बंड केले. वेतन, सेवाशर्ती आणि अधिकाऱ्यांच्या घरी करावी लागणारी कामे यांवरून त्यांच्यात असंतोष होता. अखेर लष्कराला पाचारण करावे लागले. सुमारे तीस पोलिसांचा मृत्यू झाला. स्वतंत्र भारतातील एखाद्या राज्य सरकारवर असा प्रसंग क्वचितच ओढवला असेल. १२ जून रोजी त्रिपाठी यांनी राजीनामा दिला आणि राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली.

एवढ्या मोठ्या आघातानंतर एखाद्याचे राजकारण संपले असते. परंतु इंदिरा गांधी यांनी त्याच वर्षी त्यांना केंद्रात घेऊन नौवहन व वाहतूक खाते दिले. जानेवारी १९७५ मध्ये रेल्वेमंत्री ललितनारायण मिश्र यांचा समस्तीपूर येथील बॉम्बस्फोटानंतर मृत्यू झाला. त्यांच्या जागी त्रिपाठी आले आणि मार्च १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले.

१९७७ च्या पराभवानंतर राज्यसभेतील विरोधी पक्षनेतेपद त्यांच्याकडे आले. १९७८ मध्ये पक्ष फुटला तेव्हा ते इंदिरा गांधींच्या बाजूने उभे राहिले. ज्या राजनारायण यांनी रायबरेलीत इंदिरा गांधींना हरवले होते, त्यांचा त्रिपाठी यांनी १९८० मध्ये वाराणसी लोकसभा मतदारसंघात पराभव केला. त्यानंतर रेल्वे खाते पुन्हा त्यांच्याकडे आले, ते मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंतच. १९८३ मध्ये ते पक्षाचे कार्याध्यक्ष झाले.

आयुष्यभर नेतृत्वाशी निष्ठा राखणाऱ्या या नेत्याने एप्रिल १९८६ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, पंतप्रधान राजीव गांधी यांना लिहिलेल्या पत्राने राजकीय वर्तुळ हादरले. सदस्यनोंदणीतील बनावट नावे, तसेच जुन्या कार्यकर्त्यांची होणारी उपेक्षा यांवर त्यांनी बोट ठेवले होते. त्याच महिन्यात प्रणव मुखर्जी यांना पक्षातून काढण्यात आले. त्रिपाठी यांच्यावर तशी कारवाई झाली नाही, पण पक्षातील त्यांचा शब्द पूर्वीसारखा राहिला नाही. नोव्हेंबरमध्ये ते कार्याध्यक्षपदावरून दूर झाले.

'बापू और मानवता' हा त्यांचा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध आहे. ८ ऑक्टोबर १९९० रोजी वाराणसी येथे त्यांचे निधन झाले. राजभाषा हिंदीच्या प्रसारासाठी विशेष काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना भारतीय रेल्वे जे सुवर्णपदक देते, त्याला कमलापती त्रिपाठी यांचे नाव आहे.