किल्ल्यांचे जाणते : रामचंद्रपंत अमात्य

बेगडेवाडीच्या स्टेशनावर लोणावळ्याच्या गाडींत बसलें म्हणजे घोरावाडी, तळेगांव, वडगांव, कान्हे व कामशेत हीं स्टेशनें मागें पडून मळवली येतें. तेथें डाव्या हातास दोन डोंगर शेजारीं शेजारीं उभे असलेले दिसतात. एक लोहगड व दुसरा विसापूर. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं सहलीच्या निमित्तानें हे दोन्ही गड पाहिले असतील. लोहगडाच्या नागमोडी वाटेवर गणेश, नारायण, हनुमान व महा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. सभोंवार तुटलेले कडे आहेत. माथ्यावर पाण्याचीं टाकीं आहेत. असा हा बळकट गड १८१८ सालीं लढाईवांचून इंग्रजांच्या हातीं गेला. हें कसें झालें, असा प्रश्न कोणाही विचारी मुलाच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं.

आश्चर्य असें कीं, या प्रश्नाचें उत्तर ती गोष्ट घडण्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें एका वृद्ध मुत्सद्द्यानें लिहून ठेविलें होतें. त्या मुत्सद्द्याचें नांव रामचंद्र नीळकंठ, अथवा इतिहासांत प्रसिद्ध असलेल्या नांवानें रामचंद्रपंत अमात्य. किल्ला कोठें बांधावा, कसा बांधावा व कसा राखावा, हें ज्यांनीं आयुष्यभर अनुभवानें जाणून घेतलें, त्यांचें चरित्र यंदाच्या अंकांत आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

रामचंद्रपंतांचा जन्म १६५० च्या सुमारास झाला. त्यांचे वडील निळोपंत सोनदेव हे शिवाजीमहाराजांच्या पदरीं मुजुमदार होते. जमाखर्च, लिखापढी व राज्याचा वसूल यांची विद्या रामचंद्रपंतांस घरींच मिळाली. परंतु ज्या काळांत ते वाढले, तो काळ नुसत्या वहीखात्याचा नव्हता. ते पंधरा वर्षांचे असतील-नसतील, तोंच १६६५ सालीं मिर्झा राजा जयसिंग व दिलेरखान यांनीं पुरंदरास वेढा घातला. पुरंदराला लागूनच वज्रगड नांवाचा लहान किल्ला आहे. मोगलांनीं आधीं वज्रगड घेतला, तेथें तोफा चढविल्या आणि तेथून पुरंदराच्या माचीवर मारा केला. मुरारबाजी देशपांडे यांनीं पराक्रमाची शर्थ करून देह ठेविला; तरी अखेर तह करणें भाग पडलें. त्या तहांत २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले व त्यांत आमच्या मावळांतील लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हेही होते. एका शेजारच्या डोंगरानें एवढी हानि केली, ही गोष्ट त्या पिढींतील कोणीही विसरणें शक्य नव्हतें.

१६७० मध्यें महाराजांनीं गेलेले बहुतेक किल्ले परत मिळविण्यास आरंभ केला, आणि १६७४ सालीं रायगडावर त्यांस राज्याभिषेक झाला. त्या वेळच्या अष्टप्रधानांत अमात्यपद रामचंद्रपंतांकडे होतें. तेव्हां त्यांचें वय अवघें चोवीस वर्षांच्या आसपास होतें. राज्याचा जमाखर्च ज्याच्या हातीं, त्याला किल्ल्यांचा खर्चही पाहावा लागतो. तटाला चुना किती लागला, कोठारांत धान्य किती उरलें, दारूगोळा कोणत्या गडावर किती आहे, हें सर्व त्यांच्या नजरेखालून जात असलें पाहिजे. रणांगणावरील शूर पुरुषाला गडाचा तट दिसतो. अमात्याला त्या तटामागचें धान्य, पाणी व माणूस दिसतें. रामचंद्रपंतांच्या पुढील सर्व कर्तृत्वाचें मूळ येथें आहे, असें आम्हांस वाटतें.

१६८० मध्यें महाराज निवर्तले. नऊ वर्षांनीं संभाजीमहाराज मोगलांच्या हातीं सांपडून मारले गेले. त्याच वर्षीं राजधानी रायगडही पडला. राजाराममहाराज जिवावरची वाट काढून दूर कर्नाटकांत जिंजीच्या किल्ल्यांत जाऊन राहिले. राजा शेंकडों कोस दूर, राजधानी शत्रूच्या ताब्यांत, औरंगजेब बादशहा अफाट सैन्यानिशीं महाराष्ट्रांत तळ देऊन बसलेला, अशी ती वेळ होती. त्या वेळीं महाराष्ट्राचा सर्व कारभार रामचंद्रपंतांवर सोंपविण्यांत आला व त्यांस हुकूमतपनाह हा किताब मिळाला. राजाच्या गैरहजेरींत राजाप्रमाणें हुकूम देण्याचा तो अधिकार होता.

रामचंद्रपंतांनीं आपलें ठाणें सह्याद्रीच्या कुशींतील विशाळगडावर केलें. शंकराजी नारायण व परशुराम त्रिंबक या दोन कर्तबगार साहाय्यकांस हातीं धरून त्यांनीं एकेक किल्ला परत घेण्याचा उद्योग चालविला. राजगड व तोरणा लवकरच परत आले. १६९२ मध्यें पन्हाळाही आला. संताजी घोरपडे व धनाजी जाधव हे मोकळ्या मैदानांत मोगलांच्या फौजांस सळो कीं पळो करीत. त्यांच्या घोड्यांस दाणा, स्वारांस विसावा व जखमींस आसरा किल्ल्यांत मिळे. मैदानांतील चपळाई व डोंगरावरील धीर हीं एकाच शरीराचीं दोन अंगें होतीं.

जिंजी १६९८ मध्यें पडली. राजाराममहाराज तत्पूर्वीं तेथून सुखरूप परतले होते. पुढें १७०० सालीं सिंहगडावर त्यांचें देहावसान झालें व राज्याची धुरा ताराबाईंनीं घेतली. औरंगजेब १६९९ च्या अखेरीपासून जातीनें किल्ले घेण्यास निघाला होता. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा, असे एकामागून एक गड त्यानें घेतले. विशाळगडासाठीं त्याला सहा महिने बसावें लागलें, आणि तो गड अखेर पैका देऊन घ्यावा लागला. परतीच्या वाटेवर भर पावसांत सह्याद्रीचे ओढे-नाले फुगले व मोगल सैन्याचे अतोनात हाल झाले. बादशहा पुढें गेला, कीं मागें मराठे गेलेल्या किल्ल्यांस पुन्हां हात घालीत. १७०७ मध्यें अहमदनगराजवळ औरंगजेबाचा अंत झाला, तेव्हां मराठ्यांचें राज्य जिवंत होतें. किल्ल्यांनीं शत्रूला कायमचें अडविलें नाहीं. परंतु त्यांनीं वेळ मिळवून दिला, आणि वेळ मिळाला म्हणून राज्य वांचलें.

यानंतर घरांतच दुही माजली. शाहूमहाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून आले व सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. रामचंद्रपंत कोल्हापूरच्या पक्षास राहिले. तेथें १७१५ च्या सुमारास, तरुण संभाजीराजांच्या नांवानें, राज्य कसें चालवावें याविषयीं आज्ञापत्र नांवाचा ग्रंथ तयार झाला. तो रामचंद्रपंतांनींच लिहिला, असें मानण्यांत येतें. राजा, प्रधान, सावकार, वतनदार, आरमार अशा अनेक विषयांवर त्यांत विवेचन आहे. परंतु त्यांतील दुर्गांवरील प्रकरण हें सर्वांत विस्तृत प्रकरणांपैकीं एक आहे. दुर्गावांचून देश म्हणजे शत्रूला मोकळें रान, असा त्याचा एकंदर आशय आहे. त्यांतील मुख्य गोष्टी आम्ही आमच्या शब्दांत सांगतों.

पहिली गोष्ट जागेची. युरोपांत सपाट प्रदेश फार. म्हणून तेथें आधीं मातीचे उंचवटे रचून त्यांवर लांकडी कोट केले, मग दगडी तट आले, आणि तेराव्या शतकांत एका तटाच्या आंत दुसरा तट घालण्याची युक्ति निघाली. वेल्स देशांत १२९५ मध्यें सुरू झालेला बोमॅरिसचा किल्ला तिचा उत्कृष्ट नमुना होय. आमच्या सह्याद्रींत तट निसर्गानेंच उभा केला आहे. काळ्या कातळाचे कडे हाच आमचा पहिला तट. म्हणून येथें बांधणाऱ्याचें पहिलें कसब म्हणजे डोंगर निवडणें. रामचंद्रपंत बजावतात कीं, गडाच्या शेजारीं त्याहून उंच अथवा तोलाचा दुसरा डोंगर नसावा. असलाच तर सुरुंग लावून तो कमी करावा. तें शक्य नसेल तर तो रिकामा सोडूं नये, तट बांधून तोही मजबूत करावा. पुरंदर व वज्रगड यांची कथा ज्याला ठाऊक आहे, त्याला या नियमाचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आधीं पाणी पाहावें, मग किल्ला बांधावा. पाणी नसून जागा सोडवत नसेल, तर खडक फोडून आधीं टाकीं-तळीं करावीं. एका झऱ्यावर विसंबूं नये. तोफांच्या धडाक्यानें झरा आटूं शकतो. साठविलेलें पाणी राखून वापरावें.

तिसरी गोष्ट दरवाजाची. दरवाजा खालून दिसतां कामा नये. त्याच्या पुढें बुरूज असे घ्यावे, कीं येणारी वाट त्यांच्या माऱ्याखालीं यावी व शत्रूची तोफ दरवाजावर सरळ लागूं नये. रायगडाचा महादरवाजा दोन प्रचंड बुरुजांच्या आड असा लपला आहे, कीं जवळ गेल्यावांचून तो दृष्टीस पडत नाहीं. गडाला एकच दरवाजा असणें हाही दोषच. म्हणून दुसरा दरवाजा व चोरदिंड्या ठेवाव्या, आणि नित्य लागत नाहींत त्या चिणून बंद कराव्या. गडाची वाट सुगम नसावी, व सभोंवारचें रान तर कधींच तोडूं नये, कारण तें रानही तटाइतकेंच काम करतें.

चौथी गोष्ट घरांतील व्यवस्थेची, आणि आमच्या मतें येथेंच या पुरुषाची खरी ओळख पटते. दारूचें कोठार राहत्या घरांपासून दूर असावें. त्यास ओल लागूं नये. कांहीं दिवसांनीं दारू बाहेर काढून उन्हांत वाळवावी. धान्याच्या कोठारास उंदीर, किडा, मुंगी लागणार नाहीं अशी दगडांची फरसबंदी करावी. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशीं झाडें गडावर लावून वाढवावीं, म्हणजे प्रसंगीं तें लांकूड उपयोगी पडतें. केरकचरा गडाखालीं न टाकतां जाळावा व ती राख परसांतील भाजीपाल्यास घालावी. वैद्य, लोहार, सुतार, पाथरवट अशीं माणसें गडावर वसवावीं. राज्याचा कारभार पाहिलेला वृद्ध प्रधान उंदीर व केर यांचाही विचार करतो, यांत कोणी हंसण्यासारखें कांहीं नाहीं. वेढा सहा महिने चालला, कीं तटापेक्षां कोठारच आधीं हार खातें.

शेवटची गोष्ट माणसांची. हवालदार, सबनीस व कारखानीस यांच्या हातीं गडाचा कारभार वांटून देण्याची रीत शिवकाळापासून होती, ती यासाठींच कीं, एकट्या माणसाच्या लोभानें अथवा भयानें गड शत्रूस मिळूं नये. आपल्या हयातींत किती गड पैक्यानें गेले, हें रामचंद्रपंतांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें.

आतां लोहगडाकडे पुन्हां वळूं. लोहगडाच्या शेजारीं, मध्यें केवळ गायमुखाची खिंड सोडून, विसापूर उभा आहे, व तो लोहगडाहून सुमारें दीडशें फूट उंच आहे. म्हणजे रामचंद्रपंतांनीं सांगितलेला दोष येथें जन्मजात आहे. तो ओळखून पूर्वजांनीं विसापुरास तट घातला. नियमाचा अर्धा भाग पाळला गेला. परंतु १८१८ च्या फेब्रुवारींत सातारा गेला, २ मार्च रोजीं सिंहगड गेला, पेशवे बाजीराव मुलखांतून पळत होते. ४ मार्च रोजीं कर्नल प्रॉथर याच्या फौजेनें विसापूर घेतला. शेजारच्या उंच डोंगरावर शत्रू चढलेला पाहतांच दुसऱ्या दिवशीं लोहगडाच्या शिबंदीनें गड सोडला. पुढें इंग्रजांनीं विसापूरचे दरवाजे सुरुंगानें उडविले. ते पडके अवशेष आजही दिसतात.

इंग्रजांच्या तोफा मोठ्या होत्या, हें खरें. पण १६८९ सालींही राजधानी गेली होती, राजा दूर होता व शत्रू बलाढ्य होता. तेव्हां गडांवरील माणसांस ठाऊक होतें कीं, विशाळगडावर कोणी तरी आपला हिशेब ठेवीत आहे, आपणांस धान्य पाठवीत आहे, गेलेला गड परत घेण्याची तजवीज करीत आहे. १८१८ सालीं तसा कोणी पाठीशीं उरला नव्हता. दगड तेच होते. दगडांमागची काळजी संपली होती.

रामचंद्रपंतांचे वंशज बावडेकर या नांवानें पुढें प्रसिद्ध झाले. पंतांनीं जें राज्य राखिलें, त्याच्या किल्ल्यांपैकीं रायगड, राजगड, पन्हाळा, जिंजी व आमचा लोहगड यांसह बारा किल्ल्यांची २०२५ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली. यापुढें मळवलीस उतरून त्या चार दरवाजांतून वर जाल, तेव्हां माथ्यावर पोंचल्यावर क्षणभर थांबून विसापूरकडे पाहा. तो आपल्यापेक्षां किती उंच आहे, हें डोळ्यांनीं मोजा. म्हणजे पुरंदराचा वेढा कानीं आलेला एक मुलगा, म्हातारपणीं लेखणी घेऊन, शेजारचा डोंगर रिकामा सोडूं नये असें कां सांगून गेला, तें तुम्हांस पुस्तकावांचूनच कळेल.