पुरुषांमधील स्तनवाढ, तिची शस्त्रक्रिया आणि एजिनाचा पॉल

भर उन्हाळ्यात शर्टाखाली दोन बनियन घालून धसईच्या बाजारात जाणारा, नदीवर मित्रांसमोर कधीच शर्ट न काढणारा मुलगा तुमच्या घरात आहे का? किंवा तो मुलगा तुम्ही स्वतःच आहात का? मग हा त्रास फक्त आपल्याच वाट्याला आला, असे तुम्हाला वाटत असेल. तसे नाही. पुरुषाच्या छातीच्या या वाढीबद्दल सुमारे 1400 वर्षांपूर्वी एका डॉक्टरने शांतपणे लिहून ठेवले आहे. त्याचे नाव एजिनाचा पॉल. त्याची माहिती घेता घेता आजच्या शस्त्रक्रियेत काय होते, तेही समजून घेऊ.

पॉल कोण होता?

एजिना हे ग्रीसमधील अथेन्सजवळचे एक बेट. पॉल तिथला. तो सातव्या शतकात होऊन गेला आणि इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात त्याने वैद्यकी केली. त्याच काळात अरबांनी ते शहर जिंकले. त्याच्या घरादाराची माहिती फारशी उरलेली नाही. मात्र अरब लेखक त्याला सुईणींचा सल्लागार म्हणून ओळखत, कारण अडलेल्या बाळंतपणात सुईणी त्याला विचारायला येत.

त्याची खरी ओळख म्हणजे त्याचा सात भागांचा वैद्यकीय ग्रंथ. तो लिहिण्यामागचे कारण मुरबाड-शहापूरच्या डॉक्टरला लगेच पटेल. वकिलांकडे कायद्याची आटोपशीर पुस्तके असतात, मग डॉक्टरकडे का नसावीत, असा त्याचा प्रश्न होता. रुग्ण काही फक्त शहरातच आजारी पडत नाही. तो समुद्रावर, आडरानात, दूरच्या गावातही आजारी पडतो, आणि तिथे ग्रंथालय नसते. म्हणून त्याने जुन्या वैद्यांचे ज्ञान निवडून, स्वतःच्या अनुभवाची भर घालून एकत्र केले. आपण सगळे नवीन सांगतो, असा दावा त्याने केला नाही.

त्याने या त्रासाबद्दल काय लिहिले?

ग्रंथाचा सहावा भाग शस्त्रक्रियांचा आहे. मुतखडा, हर्निया, श्वास अडकल्यावर गळ्याला छेद देणे, अशा गंभीर विषयांच्या रांगेतच त्याने पुरुषांच्या स्तनवाढीला जागा दिली. त्याने तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, वयात येताना मुलांची छातीही थोडी सुजते आणि बहुतेकांची आपोआप उतरते. दुसरी, काहींची उतरत नाही, उलट आत चरबी साठून वाढत जाते. तिसरी, अशा माणसाला लोक बायकी म्हणून हिणवतात, म्हणून शस्त्रक्रिया करणे योग्य आहे.

पुढे त्याने पद्धतही दिली. स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यायचा, आतली चरबी काढायची आणि टाके घालायचे. स्तन फार लोंबत असेल तर टोकाला जुळणाऱ्या दोन चंद्रकोरी घेऊन मधली जादा त्वचाही काढायची. काही भाग राहून गेला तर पुन्हा काढायचा. त्या वेळी आजच्यासारखी भूल नव्हती की जंतूंची माहिती नव्हती. तरी लोक त्या वेदनेला तयार होत असतील, तर चिडवण्याचा जाच केवढा असेल, याचा अंदाज करा.

त्याच्यानंतर

नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाक याने पॉलचा ग्रंथ अरबीत नेला. स्पेनमधील कोर्दोबाचा प्रसिद्ध शल्यवैद्य अल-झहरावी यानेही त्याचा आधार घेतला. 1844 ते 1847 या काळात फ्रान्सिस अ‍ॅडम्स या स्कॉटलंडमधील खेड्यातल्या डॉक्टरने तो इंग्रजीत आणला. त्याच सुमारास, 1846 मध्ये, ईथरच्या भुलीचा जाहीर प्रयोग झाला आणि शस्त्रक्रियेची वेदना टाळता येऊ लागली. 1946 मध्ये अमेरिकेतील जेरोम वेबस्टर यांनी स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद घेण्याची पद्धत मांडली. त्यामुळे व्रण सहज दिसेनासा झाला. 1980 च्या दशकात नळीने चरबी ओढून घेण्याची, म्हणजे लायपोसक्शनची, जोड मिळाली.

आज तुम्ही काय अपेक्षा ठेवावी?

पॉलची पहिली गोष्ट आजही खरी आहे. मुलगा वयात येत असेल तर घाई नको. बहुतेकांची वाढ सहा महिने ते दोन वर्षांत ओसरते. ती टिकली किंवा मोठ्या वयात सुरू झाली, तर आधी कारण शोधावे लागते. काही औषधे, जिममध्ये घेतलेली स्टिरॉइड, दारूमुळे बिघडलेले यकृत, थायरॉइड किंवा वृषणाचा आजार, यांपैकी काहीही असू शकते. म्हणून डॉक्टर रक्ततपासणी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी सांगतात. चालू औषधे मनाने बंद करू नका. वजन जास्त असेल तर ते आधी कमी करा. नुसती चरबी असेल तर फरक पडतो, पण कडक ग्रंथी व्यायामाने जात नाही.

शस्त्रक्रिया साधारण एक ते दोन तासांची असते. बहुधा पूर्ण भूल देतात आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. कधी साचणारे पाणी काढायला एक-दोन दिवस नळी ठेवतात. चार ते सहा आठवडे घट्ट प्रेशर बनियन घालावे लागते. सूज आणि काळेनिळेपणा दोन-तीन आठवडे राहतो. हलके काम आठवड्याभरात जमते, पण भाताचे भारे, पाण्याचे हंडे आणि जिम महिना-दीड महिना बंद. म्हणून लावणी-कापणीचे दिवस टाळून तारीख घ्या. छातीचा अंतिम आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो.

धोकेही आधी विचारून घ्या: आत रक्त साठणे, जंतुसंसर्ग, स्तनाग्र बधिर होणे, खड्डा पडणे, दोन्ही बाजू सारख्या न दिसणे. पॉलने सांगितल्याप्रमाणे क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. काढलेला भाग तपासणीला पाठवणार का, हेही विचारा.

पात्रता असलेल्या प्लास्टिक सर्जनकडेच जा. मुंबईत जे. जे., केईएम, सायन आणि नायर या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. ड्रेसिंगसाठी पुन्हा जावे लागते, म्हणून कल्याण-मुंबईकडे नातेवाईक असतील तर पहिले काही दिवस तिथे राहणे सोयीचे. विम्यात हा खर्च बसतो का, ते आधी तपासा.

लगेच डॉक्टरांना कधी दाखवावे?

एकाच बाजूला कडक गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी येणे, त्वचा आत ओढली जाणे, काखेत गाठ किंवा वृषणात गाठ जाणवणे. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. तो कमी आढळतो, पण लाजेपोटी उशीर झाला तर उपचार अवघड होतात.

शस्त्रक्रियेनंतर छाती एकाएकी एका बाजूने फुगली, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

शस्त्रक्रिया करायची की नाही, हे तुम्ही ठरवायचे. ती न करता राहणेही चालते. घरच्यांनो, मुलाला हसू नका आणि दुसऱ्यांनाही हसू देऊ नका. दाखवायला जाताना त्याच्यासोबत जा.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या प्रकृतीनुसार निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.