खिळे जुळवणारी लेखिका

इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला व्हर्जिनिया वुल्फ आली, की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात : तिची संज्ञाप्रवाही शैली आणि तिचा शेवट. मधली पस्तीसेक वर्षं ती नेमाने काम करत होती, हे मात्र राहून जातं. मला लिहायचंय ते त्या कामाबद्दल.

तिचा जन्म १८८२ चा, लंडनचा. तेरा वर्षांची असताना आई गेली आणि तिचं मन पहिल्यांदा ढासळलं. १९०४ मध्ये वडील गेले, तेव्हा पुन्हा. कधी झोप उडायची, बोलणं थांबायचं नाही, भास व्हायचे. कधी अन्न नको, माणसं नकोत. त्या काळचे डॉक्टर याला नसांचा अशक्तपणा म्हणत. पुढच्या काळातल्या अनेक मानसोपचारतज्ज्ञांनी तिच्याविषयीच्या नोंदी वाचून हा बायपोलर आजार असावा असं मत दिलं. उपचार काय, तर पडून राहा, भरपूर दूध प्या आणि लिहिणं-वाचणं बंद! लिहिण्यावर जगणाऱ्या बाईला हे औषध.

तरी त्याच वर्षी डिसेंबरात तिचा पहिला लेख छापून आला, तोही चर्चच्या वर्तुळातल्या एका साप्ताहिकात. पुढच्या वर्षापासून ती मॉर्ली कॉलेजात कामकरी स्त्री-पुरुषांना संध्याकाळी शिकवू लागली, 'टाइम्स'च्या वाङ्मयीन पुरवणीसाठी परीक्षणं लिहू लागली. १९०९ मध्ये क्वेकर पंथाच्या आत्याने तिच्या नावे २५०० पौंड ठेवले. हा आधार विसरून चालणार नाही. आजारपणात पगार तुटला म्हणून चूल थंड पडेल, अशी तिची स्थिती नव्हती.

१९१२ मध्ये लेनर्ड वुल्फशी लग्न झालं. दुसऱ्या वर्षी पहिली कादंबरी पुरी झाली आणि ती इतकी खचली, की जिवावर बेतलं. पुस्तक १९१५ पर्यंत अडलं. ते निघालं तेव्हाही ती आजारीच होती, घरात परिचारिका ठेवाव्या लागल्या. पुस्तक हातावेगळं झालं, की लोक काय म्हणतील या धास्तीने तिचा तोल जायचा, हे लेनर्डच्या ध्यानात आलं.

मग १९१७ मध्ये दोघांनी सुमारे १९ पौंडांना एक छोटं हातयंत्र आणि खिळे विकत घेतले. शिकाऊ कामगार नसल्यामुळे छपाईच्या शाळेत प्रवेश मिळाला नव्हता, तेव्हा सोबत मिळालेली पुस्तिका वाचून घरातच शिकले. डोक्याला विसावा देणारं हातकाम तिला मिळावं, हा लेनर्डचा हेतू. दोघांची एकेक कथा असलेलं पहिलं पुस्तक १५० प्रतींचं. पुढे टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'च्या १९२३ च्या आवृत्तीचे खिळे तिने स्वतःच्या हाताने जुळवले. 'जेकब्ज रूम'पासून तर तिच्या कादंबऱ्या इंग्लंडात घरच्याच होगार्थ प्रेसमधून निघू लागल्या. आता कुणा संपादकाचा होकार-नकार सोसायचा नव्हता.

दिवसही आखलेला : सकाळी लेखन, दुपारी फिरणं किंवा छापखाना, रात्री वेळेवर झोप. लेनर्ड तिच्या तब्येतीची टिपणं ठेवायचा. डोकं दुखू लागलं, झोप बिघडली, की पाहुणे बंद, काम बंद. हा पहारा तिला जाचायचाही. शांत रिचमंड सोडून लंडनला परत जायचं म्हणून ती हटून बसली आणि १९२४ मध्ये गेलीच. पुढच्या पाच वर्षांत 'मिसेस डॅलोवे', 'टू द लाइटहाउस', 'ऑर्लँडो', 'अ रूम ऑफ वन्स ओन' अशी एकाहून एक पुस्तकं आली. 'मिसेस डॅलोवे'मधल्या सेप्टिमसला ऐकून न घेणारे डॉक्टर भेटतात. ते तिने स्वतः भोगलेलं होतं.

आपल्याकडे काहीजण म्हणतात, थोडं वेड असल्याशिवाय प्रतिभा नसते. मला हे पटत नाही. आजार जोरात असे तेव्हा तिला काम पुरं करता येत नसे. पुस्तकं झाली ती दोन आजारपणांच्या मधल्या, जपून राखलेल्या दिवसांत. श्रेय द्यायचंच तर त्या दिवसांना आणि ते राखणाऱ्यांना द्यावं.

मार्च १९४१ मध्ये, युद्धाच्या काळात, आजार पुन्हा उलटला आणि तिने जीवन संपवलं. ती ५९ वर्षांची होती. आठ वर्षांनी, १९४९ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरने लिथियमचा उपयोग जगापुढे मांडला. ते औषध तिला लागू पडलं असतं का, कोण सांगणार? पण तिला ते मिळण्याची सोयच नव्हती. आपल्याला आहे. वर्गातली एखादी हुशार मुलगी आठवडाभर झोपत नसेल, किंवा महिनाभर उठतच नसेल, तर तिला लहरी म्हणून सोडून देऊ नका. तिच्यासोबत डॉक्टरकडे जा, निदान १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन लावून द्या. औषध, झोप, बेताचं काम आणि लक्ष ठेवणारं एक माणूस, एवढ्यावर पुष्कळांचं शिक्षण आणि नोकरी नीट चालते.