निवृत्तीदादांची शाळा



आज ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाचा शेवट वाचला. माउली तिथे आपली गुरुपरंपरा सांगतात. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि मग निवृत्तीनाथ. या यादीतलं शेवटचं नाव सख्ख्या भावाचं आहे, परंपरेने दिलेल्या सालांप्रमाणे फक्त दोन वर्षांनी मोठ्या! आम्ही गेल्या वर्षापासून मुलीला घरीच शिकवतोय, त्यामुळे सध्या माउलींच्या चरित्रात मला सगळ्यात आधी त्यांचं घर दिसतं.

विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला होता. गुरूंच्या आज्ञेने ते आळंदीला परतून पुन्हा संसाराला लागले. संन्याशाची मुलं म्हणून चौघांनाही समाजाने वाळीत टाकलं. मुंज नाही, म्हणून वेदाचा अधिकार नाही. मग शिक्षण झालं ते घरात. आमचं घरशिक्षण ही आमची निवड आहे, त्यांच्यावर ते लादलं गेलं होतं. दोन्ही एका मापाने मोजणं मला पटत नाही.

पुढे त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ समोर आला, कुटुंबाची पांगापांग झाली आणि निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत पोचले, अशी कथा आहे. तिथे मिळालेला उपदेश त्यांनी ज्ञानदेवांना दिला. म्हणजे शिक्षक घडला तो वाट चुकल्यामुळे. (आमच्या जुन्नर-आंबेगावात या वाघाच्या गोष्टीला कुणी हसत नाही. इथे उसात बिबटे असतात, दिवेलागणीनंतर पोरं घरातच. म्हणून आमचं गणित रात्रीचं.)

मग आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. पोरकी मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणला चालत गेली. शुद्धिपत्र म्हणजे आपल्या भाषेत दाखलाच की! मला नातेवाईक हटकून विचारतात, पोरीच्या दाखल्याचं काय? मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, हे मी सांगतो. तरी रात्री तो प्रश्न माझ्याही उशाशी असतोच.

पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले गेले. नंतर नेवाशात, 1290 साली, निवृत्तीनाथांच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनी गीता मराठीत उलगडली. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. सांगणाऱ्याचं वय पंधराच्या आसपास, ओव्या सुमारे नऊ हजार. आळंदीला परतताना तो रेडा आपल्या जुन्नर तालुक्यात, आळ्याला गेला. तिथे त्याची समाधी आहे. माझं काम दुपारी सुरू होतं, म्हणून एका मंगळवारी सकाळी मुलीला घेऊन गेलो. समाधीला हात जोडून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, रेड्याची मुंज झाली होती का?" त्या दिवशी दुसरा धडा घेतला नाही.

या घरात शिकवायचं कुणी, हे वयावर ठरत नव्हतं, हे मला फार आवडतं. लोकांच्या वागण्याने दुखावून ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा त्यांची समजूत काढली ती सगळ्यात धाकट्या मुक्ताबाईने. त्यातून ताटीचे अभंग आले. चांगदेवांसारख्या वयोवृद्ध योग्याची गुरूही तीच झाली. आमच्याकडेही वेळापत्रक माणसांप्रमाणे हलतं. माझे कॉल वाढले की हिच्याकडे भाषा, हिची ड्युटी असली की आईकडे. कांदा काढणीला आजीबरोबर वावरात गेलं की पिशव्या मोजणं, वजनं, हिशोब तिथेच होतात. पावसाळ्यात सगळंच उशिरा. हलत नाही ते फक्त संध्याकाळचं. सात वाजता हरिपाठ, आणि त्यानंतर मुलीने मोठ्याने एक पान वाचायचं. मी तेव्हा मीटिंग घेत नाही. एवढं एक धरून ठेवलं की बाकीचं सैल सोडायला भीती वाटत नाही.

1296 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्यांना समाधीच्या जागी नेऊन बसवलं ते निवृत्तीनाथांनीच. शिष्य आधी गेला. नामदेवांनी समाधीच्या अभंगांत निवृत्तीनाथांचा शोक वर्णिला आहे. गुरू म्हणून कितीही मोठे असले, तरी त्या दिवशी ते धाकट्याला पोचवायला आलेले दादा होते. पुढे वर्षाभरातच सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी मेहुणला आणि सर्वांत शेवटी निवृत्तीनाथ त्र्यंबकेश्वरी.

उद्यापासून पुन्हा पहिला अध्याय. पान मुलगी वाचेल.